रामदास बोटीच्या तिकिटावर नाव नव्हतं

इकडे पुण्यात सकाळपासून पाऊस लागलाय. खिडक्या लावून घेतल्यात, पंखा बंद केलाय आणि मी घामाघूम होऊन बोलतोय. मागच्या एपिसोडनंतर चार-पाच जणांनी मेसेज केला होता की पंख्याचा आवाज फार येतो, म्हणून हा त्याग. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे सगळं बोलणं इथे लिहून देतोय. थोडं साफसूफ केलंय, पण बोलीतलं बरंचसं तसंच ठेवलंय.

गेल्या वेळी मी विचारलं होतं की पुढचा विषय काय घ्यायचा, आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी लिहिलं, टायटॅनिक. खरं सांगू का, टायटॅनिकबद्दल आता मी तुम्हाला नवीन काय सांगणार? आमच्या हॉस्टेलवर एक मुलगा होता, त्याला तो पिक्चर डायलॉगसकट पाठ होता. जहाज किती वाजता धडकलं, बँड कधीपर्यंत वाजत होता, कुठल्या लाइफबोटीत किती माणसं होती, सगळं माहीत. मग परवा ऑफिसमध्ये जेवताना मी सहज विचारलं, 'रामदास बोट कुणी ऐकलीये का?' आमच्या टेबलावर सात मराठी माणसं होती. सहा जणांनी मान हलवली. सातवा पेणचा. तो डबा बंद करत म्हणाला, 'आमच्याकडे अजून म्हातारी माणसं पावसात बोटीने जाऊ देत नाहीत.'

तर आज रामदास बोट. आणि खरं म्हणजे आज माझ्या आजीची गोष्ट. ती आमच्याकडेच असते, कोथरूडला, पण माहेर अलिबाग तालुक्यातलं, रेवस बंदरापासून चालत तासाभरावर. १९४७ साली ती सात वर्षांची होती.

आधी घटना सांगतो.

१७ जुलै १९४७, गुरुवार. स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरलेला नाही. आषाढ संपत आलेला, गटारीचे दिवस. श्रावण लागायच्या आत घरी जाऊन चार घास मटणाचे खायचे, शेतीची कामं बघायची, बायकापोरांना भेटायचं, म्हणून मुंबईत गिरण्यांत, गोदीत, दुकानांत काम करणारी रायगडकडची माणसं गावाला निघालेली. रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा जिल्हा. आज आपण अलिबागला गाडी घालून जातो, तसं तेव्हा नव्हतं. मुंबईहून रस्त्याने यायचं तर खाड्यांना वळसे घालत अख्खा दिवस जायचा. समुद्रातून मात्र समोरासमोर. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवस, साधारण दीड तास. त्यामुळे कोकणातल्या माणसासाठी बोट म्हणजे आपल्यासाठी स्वारगेटची एसटी. तिची कुणी भीती बाळगायचं नाही.

रामदास बोट १९३६ साली इंग्लंडात बांधलेली. स्वान हंटर नावाचा मोठा जहाज बांधणारा कारखाना होता, त्यांनी बांधलेली. लांबी साधारण १७९ फूट, रुंदी २९ फूट. चालवणारी कंपनी देशी होती, स्वदेशीच्या काळातून आलेली. गोऱ्यांच्या बोट कंपन्यांशी स्पर्धा करायची म्हणून लोकांनी उचलून धरलेली. लोक तिला प्रेमाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणायचे. बोटींना नावं संतांची, तुकाराम, रामदास. आता विचार करा, ज्या बोटीचं नाव तुकाराम आहे तिच्यात पाय ठेवताना वारकरी माणूस काय करत असेल? आजी म्हणते, चढताना पायरीला हात लावून नमस्कार करायचे.

ही तुकाराम बोट वीस वर्षं आधीच गेली होती. ११ नोव्हेंबर १९२७ ला कोकण किनाऱ्यावर वादळ झालं, त्यात तुकाराम आणि जयंती अशा दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. म्हणजे समुद्र काय करू शकतो हे माहीत नव्हतं असं नाही.

सकाळी आठच्या सुमारास रामदास भाऊच्या धक्क्यावरून सुटली. बोट भरलेली होती. थोड्या वेळात पाऊस आणि वारा वाढला, समुद्र खवळला. काशाच्या खडकाजवळ, इंग्रजी नकाशात ज्याला गल आयलंड म्हणतात तिथे, बोटीत पाणी यायला लागलं. वाचलेल्यांनी सांगितलेलं असं की माणसं घाबरून धावायला लागली, बोट एका अंगाला कलली, आणि तेवढ्यात मोठी लाट आली. बोट उलटली. सुटल्यापासून जेमतेम अर्ध्या-पाऊण तासात सगळं संपलं.

इथे मी इंजिनियर असल्याचा थोडा त्रास देणार आहे. सहन करा.

बोट कशी उलटते? आपल्याला वाटतं पाणी भरतं, जड होते, खाली जाते. रामदाससारख्या बोटी बहुतेक वेळा खाली जाण्याआधी आडव्या होतात. तुम्ही कधी पाण्याने भरलेली परात उचलून नेली आहे का? घागर भरून नेणं सोपं, कारण तोंड लहान. परातीत नुसतं दोन बोटं पाणी असलं तरी ती नेताना दमछाक होते, कारण परात जराशी एका बाजूला झुकली की सगळं पाणी त्याच बाजूला पळतं आणि परात आणखी झुकवतं. डेकवर चढलेलं पाणी असंच वागतं. बोट कलली की पाणी कललेल्या बाजूला जातं. जिथे भार नको तिथेच भार.

आता पाण्याच्या जागी माणसं ठेवा. सातशे माणसं, सरासरी साठ किलो धरा, म्हणजे बेचाळीस हजार किलो. हा असा माल आहे जो स्वतःच्या पायाने हलतो. पाऊस एका बाजूने झोडपतोय म्हणून दुसऱ्या बाजूला सरकतो, तिकडे बोट कलली म्हणून घाबरून परत पळतो. आणि उभा असतो वरच्या डेकवर, म्हणजे बोटीचा गुरुत्वमध्य आधीच वर गेलेला. (रामदास ४०६ टनांची होती असं तुम्हाला सगळीकडे वाचायला मिळेल. त्या ४०६ ला या बेचाळीस टनांशी ताडून बघू नका. जहाजाचा तो टन वजनाचा नसतो, आतल्या जागेचा असतो. मीही पहिल्यांदा हीच चूक केली होती.)

माणसांच्या नुसत्या हलण्याने मोठी बोट उलटते यावर विश्वास बसत नसेल तर शिकागोची ईस्टलँड बघा. २४ जुलै १९१५. कामगारांची सहल निघालेली, अडीच हजारांवर माणसं. बोट अजून धक्क्याला बांधलेली होती, नदीतच. वादळ नाही, लाटा नाहीत. ती धक्क्याजवळच आडवी झाली आणि ८४४ माणसं गेली. यातली क्रूर गोष्ट ऐका. टायटॅनिकनंतर लाइफबोटींचे नियम कडक झाले, म्हणून ईस्टलँडवर जास्तीच्या लाइफबोटी चढवल्या होत्या. आधीच डोईजड असलेली बोट त्या वजनाने आणखी डोईजड झाली.

असो. बोट का उलटली हे मला समजतं. माझी झोप उडवली ती पुढच्या गोष्टीने.

बोट बुडाली सकाळी नवाच्या आत. मुंबईला कळलं दुपार उलटून गेल्यावर. तेही कसं? बोटीवरचा एक लहान मुलगा पोहत, लाटांबरोबर वाहत गेटवे ऑफ इंडियाला लागला. त्याने सांगितलं तेव्हा.

म्हणजे बघा, १९१२ साली टायटॅनिक अटलांटिकच्या मध्यात होतं, चारी बाजूंना शेकडो मैल पाणी. रात्री ११.४० ला धडकलं, २.२० ला बुडालं. पण त्यावर बिनतारी यंत्र होतं. त्याचे संदेश ऐकून कार्पेथिया नावाचं जहाज पहाटे चारच्या सुमारास पोचलं आणि सातशेच्या आसपास माणसं वाचली. त्याच घटनेनंतर जहाजावर बिनतारी यंत्र हवं, त्यावर माणूस जागा हवा, असे आंतरराष्ट्रीय नियम ठरायला लागले. ते मुख्यतः देशादेशांत जाणाऱ्या जहाजांसाठी. मुंबई-रेवस कोण मोजतंय? त्यामुळे पस्तीस वर्षांनंतर, मुंबईपासून अर्ध्या तासावर, शहर जवळजवळ नजरेच्या टप्प्यात असताना सातशे माणसांची बोट बुडाली आणि तिच्यावर कुणाला सांगायला काही नव्हतं. रामदासवर बिनतारी यंत्र नव्हतं.

ज्यांनी वाचवलं ते रेवसकडचे कोळी. त्या सकाळी ते होड्यांमध्ये मासळी भरून मुंबईला विकायला निघाले होते. पाण्यात माणसं दिसली तेव्हा त्यांनी होडीतली मासळी समुद्रात ओतून दिली आणि माणसं भरून घेतली. पंचाहत्तरच्या आसपास माणसं त्यांनी काढली असं सांगतात. पावसाळ्यात जीव धोक्यात घालून मिळवलेली मासळी म्हणजे त्या घराचे कितीतरी दिवसांचे पैसे. त्या होड्यांवर काय बोलणं झालं असेल याचा मी खूप विचार करतो. मला वाटतं काहीच झालं नसेल.

आता आजी.

आजीचा धाकटा काका परळच्या एका गिरणीत होता. गावातल्याच आठ-दहा जणांबरोबर चाळीत खोली घेऊन राहायचा. लग्नाला दीड वर्ष झालेलं, काकी गावी. त्याने पत्र पाठवलं होतं, अमावास्येला येतो, गुरुवारच्या सकाळच्या बोटीने. आजीचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, त्याला आणायला रेवसच्या धक्क्यावर गेले. सामान असेल म्हणून. आजी म्हणते, घरात एकच छत्री होती, ती बांनी नेली.

पुढचं तिच्याच शब्दांत लिहितो, कारण मला ते तसंच सांगता येणार नाही.

'बा धक्क्यावर उभा. साडेनऊ झाले, धा झाले. बोट नाय. पाऊस असा की समोरचं दिसंना. सगळे म्हणाले, आज सुटलीच नसेल, अशा पावसात कोण सोडतंय? बा घरी आला. आईनं वाढलं. बा जेवला.'

एवढं सांगून ती थांबते. नेहमी इथेच थांबते. 'बा जेवला.' पणजोबा १९८२ साली गेले, आजी म्हणते तोपर्यंत दर गटारीला त्यांच्या घरात चूल पेटायची ती फक्त पोरांसाठी.

त्यांनी काय चुकीचं केलं? काहीच नाही. मुंबईच्या धक्क्यावरच्या माणसाला बोट सुटलेली दिसली होती, त्याच्या लेखी ती रेवसला पोचली. रेवसच्या माणसाला बोट दिसली नाही, त्याच्या लेखी ती सुटलीच नाही. दोघेही निश्चिंत, आणि मधल्या पाण्यात माणसं फळ्यांना धरून तरंगतायत.

मी जे काम करतो त्यात हा प्रश्न रोज येतो. आमच्याकडे शेकडो सर्व्हर एकमेकांशी बोलत असतात. एखाद्याकडून उत्तर आलं नाही तर त्याचे दोन अर्थ होतात. एक, त्याला उशीर होतोय. दोन, तो मेलाय. आणि गंमत म्हणजे, गंमत नाही खरं तर, बाहेरून या दोन्हींत काहीही फरक दिसत नाही. दोन्ही वेळी तुम्हाला फक्त शांतता ऐकू येते. यावर आमच्या धंद्यात एकच उपाय आहे. आधीच ठरवून ठेवायचं की इतका वेळ उत्तर नाही आलं तर मेलाय असं धरायचं आणि पळापळ सुरू करायची. त्याला आम्ही टाइमआऊट म्हणतो. तो आकडा चुकू शकतो. कधी कधी जिवंत सर्व्हरला मेलेला ठरवून आम्ही रात्री तीनला उगाच उठतो. पण आकडाच नसेल तर कुणी कधीच उठत नाही.

मला हे पुस्तकातून कळायला हवं होतं, पण कळलं फजितीतून. तीन वर्षांपूर्वी मी एका कंपनीत होतो, रात्रीची ऑन-कॉल ड्यूटी माझी. पैशांच्या व्यवहारांची एक सिस्टिम बंद पडली. डॅशबोर्ड पूर्ण हिरवा. का? कारण मीच अलर्ट लिहिताना सेटिंग ठेवलं होतं की डेटा आलाच नाही तर 'ठीक' समजा. उगाच खोटे अलर्ट यायचे ना, म्हणून. चार तास लोकांचे पैसे अडकले आणि मी घोरत होतो. कुणाचा जीव गेला नाही, त्यामुळे रामदासशी तुलना करणं बरोबर नाही, मला कळतं. पण त्या आठवड्यात सुट्टीला घरी होतो तेव्हा आजीने काहीतरी निमित्ताने पुन्हा ती गोष्ट काढली. 'सगळे म्हणाले, सुटलीच नसेल.' माझ्या हातातला चहा तसाच राहिला. डेटा नाही, म्हणजे ठीक. रेवसच्या धक्क्यावर हेच सेटिंग होतं.

त्या दिवशी रेवसला कुणीतरी ठरवलं असतं की साडेदहापर्यंत बोट दिसली नाही तर दोन होड्या समुद्रात काढायच्या, तर? मला माहीत आहे, हे आज खुर्चीत बसून बोलणं सोपं आहे. त्या पावसात होड्या तरी कशा निघाल्या असत्या? पण कोळी निघाले होतेच की.

तर, पुढे.

बातमी गावात रात्री आली. दुसऱ्या दिवसापासून किनाऱ्यावर प्रेतं लागायला लागली. पणजोबा रोज किनाऱ्याने चालत जायचे, पालथं पडलेलं प्रत्येक माणूस उलटं करून बघायचे. मग मुंबईला गेले. चाळीत गेले. खोलीतल्या माणसांनी सांगितलं की काका पहाटे बाहेर पडला, पिशवी आणि छत्री घेऊन. ट्रंक मात्र खोलीतच होती. आता गावाला जाताना माणूस ट्रंक नेईल की नाही? एक जण म्हणाला, दोन दिवसांसाठी कशाला नेईल. दुसरा म्हणाला, दर वेळी न्यायचा.

मग पणजोबा कचेरीत गेले, म्हणाले, यादी बघा, नाव आहे का. समोरच्या माणसाने सांगितलं, यादी नाही. तिकिटावर नाव नसतं.

इथे मी थोडा थांबतो, कारण सगळा एपिसोड याच्यासाठी आहे. तुम्ही रामदास बोट शोधलीत तर तुम्हाला मृतांचे वेगवेगळे आकडे दिसतील. कुठे सव्वासहाशे, कुठे सातशेच्या जवळ. बोटीत किती होते याचेही आकडे वेगवेगळे. मला आधी वाटायचं की लिहिणाऱ्यांचा निष्काळजीपणा. नंतर लक्षात आलं की दुसरं काही शक्यच नव्हतं. विकलेली तिकिटं मोजता येतात, पण बिनतिकीट चढलेला माणूस, आईच्या कडेवरचं पोर, शेवटच्या क्षणी उतरलेला, कुणाच्या तरी तिकिटावर दुसराच गेलेला, हे कसं मोजणार? या दोन आकड्यांमध्ये साठ-सत्तर माणसांचा फरक पडतो. आमचा काका त्या फरकात कुठेतरी आहे. असेल. किंवा नसेल.

आणि दुसऱ्याच दिवशी, १८ जुलैला, तिकडे लंडनमध्ये भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्याला राजाची संमती मिळाली. देशाचं सगळं लक्ष कुठे होतं हे वेगळं सांगायला नको. मी कुणाला दोष देत नाही. पंजाब-बंगालमध्ये जे चाललं होतं त्यापुढे एका फेरीबोटीचं काय?

काकीने कुंकू पुसलं नाही. कसं पुसणार? एकोणीस वर्षांची बाई. कुणी म्हणायचं, तो बोटीत चढलाच नव्हता, दुसरीकडे नोकरी धरून गेला. कुणी म्हणायचं, दादरला दिसला. १९४९ साली गावातला एक जण शपथेवर सांगत आला होता की त्याने भायखळ्याला पाठमोरा पाहिला. पाठमोरा! पणजोबा त्या शब्दावर तिकडे जाऊन आठ दिवस फिरून आले.

कायद्यानेही यासाठी एक आकडा ठरवलेला आहे. तेव्हाच्या पुरावा कायद्यात, १०८ व्या कलमात, असं होतं की ज्याची खबर सात वर्षं लागली नाही, तो जिवंत आहे असं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. म्हणजे सात वर्षांचा टाइमआऊट. आपल्याकडच्या रूढीचा बारा वर्षांचा. बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला अंधश्रद्धा वाटली होती. आता वाटतं, कुणीतरी शहाण्या माणसाने बायकांची सोय बघून हा आकडा काढला असेल. बारा जरा जास्त आहेत एवढंच. मी असतो तर कमी ठेवला असता.

१९५९ साली काकीने तो विधी करू दिला. आजी तेव्हा एकोणीस वर्षांची, तिचं लग्न ठरलेलं. काकी तेव्हा एकतीस. आजी सांगते की पुतळा जळत असताना काकी अगदी शांत उभी होती, आणि घरी आल्यावर तिने पहिलं काम काय केलं, तर ती ट्रंक उघडली. बारा वर्षं बंद होती. आत दोन सदरे, एक कंगवा, आणि तिच्यासाठी घेतलेलं हिरवं लुगडं. काकीने ते लुगडं तिथल्या तिथे आजीला दिलं, लग्नात नेस म्हणाली. आता तुम्ही विचाराल, लुगडं ट्रंकेत होतं म्हणजे तो घरी निघालाच नव्हता, नाही का? नाहीतर बायकोसाठी घेतलेलं मागे कशाला ठेवेल? मीही हेच विचारलं. आजी म्हणाली, 'ते दिवाळीसाठी असंल रे.' आणि विषय बदलला.

मी जानेवारीत मित्रांबरोबर मुंबईला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम लाँचने मांडव्याला गेलो. आता भाऊच्या धक्क्यावरून गाड्या नेणारी मोठी रो-रो बोट पण आहे, २०२० पासून, पण मला साध्या लाँचमध्ये बसायचं होतं, गेटवेवरून. पावसाळ्यात या लाँच बंद असतात. तुम्ही गेला असाल तर माहीत असेल, सीगल मागे लागतात, लोक त्यांना वेफर्स घालतात, सगळे एका बाजूला जमून रील काढतात. सगळे एका बाजूला. मी एकटा दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो. मित्र हसले. माझ्या साठ किलोने काय फरक पडणार होता, पण बसलो.

१८ डिसेंबर २०२४ आठवतो ना? एलिफंटाला निघालेली नीलकमल बोट, नौदलाची स्पीडबोट येऊन आदळली, १५ माणसं गेली. तुमच्या-माझ्या फोनवर तासाभरात व्हिडिओ होते. या बाबतीत जग नक्की बदललंय. तिथेही बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि अनेकांच्या अंगावर लाइफजॅकेट नव्हतं. त्यानंतर जॅकेटची सक्ती झाली. आमच्या लाँचवरही सांगितलं, घाला म्हणून. मी घातलं. उन्हात ते जॅकेट अंगाला चिकटतं, वास येतो, फोटो वाईट येतात. तरी घाला.

मांडव्याला उतरल्यावर खिशातून तिकीट काढून बघितलं. छोटा कागद. रक्कम होती, नंबर होता. नाव नव्हतं. मी ते तिकीट जपून आणलं आणि आजीला दाखवलं. तिने चष्मा लावून दोन्ही बाजूंनी बघितलं. म्हणाली, 'अजून नाय का लिवत?' मी म्हटलं, आजी, आता फोन असतो सगळ्यांकडे, पैसे फोनवरून देतात, कॅमेरे असतात, माणूस सापडतो. ती म्हणाली, 'फोन भिजला तर?'

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यामुळे मी आता बोटीत बसण्याआधी घरी एक मेसेज टाकतो. कुठून, किती वाजता, किती वाजता पोचणार, आणि त्यानंतर अर्ध्या तासात माझा फोन आला नाही तर काय करायचं. मित्र म्हणतात, अति करतोस. असेल.

तुमच्यापैकी कुणाचं मूळ गाव अलिबाग, पेण, मुरूड, रोहा, माणगाव या भागात असेल तर एक काम करा. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना नुसतं विचारा, रामदास बोट आठवते का? आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. त्यांच्या घरातलं, वाडीतलं कुणी गेलं असेल तर त्याचं नाव, वय, तो मुंबईत काय करायचा, एवढं लिहून ठेवा. घरच्यांची परवानगी असेल तरच मला पाठवा. मी यादी करायला घेतली आहे. आत्तापर्यंत माझ्या वहीत चौदा नावं आहेत, त्यातली अकरा आजीनेच सांगितलेली, एकाच गावातली. मला माहीत आहे ही यादी कधी पूर्ण होणार नाही.

काकाचं नाव मी आज घेतलं नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. घेणार होतो. पण आजी म्हणाली, 'तू नको, मी सांगते.' काकीने जन्मभर ते नाव तोंडाने उच्चारलं नाही, तेव्हा बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत. त्यामुळे आजीला ते स्वतः घ्यायचंय. म्हणजे पुढच्या रविवारी माईकसमोर ती बसणार आहे. तिची एकच अट आहे, पंखा चालू पाहिजे.